पाचावर एक

नायगाव,
८ जुलै

कु. प्रिन्सी हिच्या पालकांस,
सप्रेम नमस्कार.

प्रिन्सी जूनपासून आमच्या नर्सरीत येत आहे. मुलगी आनंदी आहे. स्वतःचा डबा स्वतः उघडते आणि शेजारच्या मुलांचेही उघडून देते. मात्र एक गोष्ट आपल्या कानावर घालणे आवश्यक वाटते.

संख्यांची ओळख तपासताना आम्ही मुलांकडे पाच ठोकळे मागतो. प्रिन्सी दर वेळी सहा देते. एक ते पाच अगदी बरोबर म्हणते, पाच ठोकळे माझ्यापुढे मांडते, आणि मग सहावा त्यांच्यावर ठेवून छान हसते. "पाचच हवेत" असे सांगितले, तर माझी कीव आल्यासारखी बघते.

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या मुख्याध्यापिका सरला मॅडम प्रत्येक मुलाची स्वतः चाचणी घेतात. पाचपर्यंत वस्तू मोजून देता न आल्यास मूल पुढच्या वर्षी ज्युनियरला जात नाही, नर्सरीतच राहते, आणि तज्ज्ञांकडून त्याची तपासणी करून घ्यावी लागते. तरी घरी सराव घ्यावा, ही विनंती.

दुसरे असे की, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजी संदेश टाकू नयेत. शुक्रवारचा आपला संदेश बराच लांब होता, आणि त्यातला रिक्षावाल्याविषयीचा भाग काही घरांत मुलांसमोर वाजला. यापुढे जे सांगायचे ते कागदावर लिहून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवावे.

आपली,
अक्षदा शिर्के
वर्गशिक्षिका, नर्सरी


पाचूबंदर, वसई
९ जुलै

अक्षदा टीचर,

देवाच्या कृपेने तुम्ही नि तुमची सगळी पोरं खुशाल असाल.

मी प्रिन्सीची आजी, आग्नेस. माझा मुलगा नेल्सन बोटीवर असतो. सध्या पावसाळ्याची बंदी, बोटी वर काढलेल्या, म्हणून तो बोटीला रंग देतोय नि स्वतःलाही. सून जीना नायगावला दवाखान्यात कामाला आहे, तीच पोरीला सकाळी तुमच्या दारात सोडते. मी बाजारात मासळी विकते. राहिलेला वेळ माझ्याकडेच, म्हणून पत्राचं कामही माझ्याकडे. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचन सुकी मासळी बांधायच्या पेपरांवर झालं, त्यामुळे प्रत्येक बातमी मला अर्धीच ठाऊक असते. शेवट गिऱ्हाईकाबरोबर जातो.

तुमची तक्रार मी चष्मा पुसून पुसून वाचली. पाच मागितले, पोरीने सहा दिले. टीचर, यात तक्रार कुठे आहे? चार दिले असते तर मीच तिचा कान धरून तुमच्यापुढे उभी केली असती. आमच्या घरात कोणी हात आखडता घेत नाही. सहा मिळाले तर पिशवीत टाकावेत नि खुशीत घरी जावं, असं मला वाटतं. तुमच्या शाळेत काही वेगळी रीत असेल तर सांगा.

एक हात जोडून विनंती. ते तज्ज्ञ नि तपासणी वगैरे जीनाच्या कानावर घालू नका. ती दवाखान्यात असते ना, घरात कोणी शिंकलं तरी तिला पाच आजारांची नावं सुचतात. हे आपण दोघीच निस्तरू.

रिक्षावाल्याबद्दल जे बोलले ते खरं होतं. पण ग्रुपवर बोलायला नको होतं, मान्य.

सोबत थोडे सुके बोंबील पाठवते. तुम्ही म्हणालात तसे, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात.

तुमची,
आग्नेस क्लेमेंट


नायगाव,
११ जुलै

आदरणीय आग्नेस आजी,
नमस्कार.

पुढचा कप्पा फक्त कागदांसाठी आहे. पार्सल सापडेपर्यंत वर्गातला एसी चालू होता, त्यामुळे वास आधी ऑफिसात, मग वरच्या मजल्यावरच्या नृत्यवर्गात पोहोचला. तिथल्या बाईंनी गॅसवाल्याला बोलावले. शाळेला भेटवस्तू स्वीकारता येत नाहीत. पार्सलाची योग्य ती व्यवस्था लावली आहे.

आता मूळ मुद्दा. प्रिन्सी उदार आहे, यात वादच नाही. पण चाचणीत उदारपणा तपासत नाहीत, मोजणी तपासतात. पाच म्हणजे पाच. तिला पाचवर थांबायला शिकवणे गरजेचे आहे. घरात रोजच्या वस्तू मागून बघा. वाट्या, चमचे, जे हाताशी असेल ते.

जीनाताईंना मी आपणहून काही सांगणार नाही. पण फार दिवस लपवणे बरे नव्हे.

आपली,
अक्षदा शिर्के


पाचूबंदर
२० जुलै

अक्षदा टीचर,

तुमचा सराव घेतला. "प्रिन्सी, पाच लसूनपाकळ्या दे." पाच दिल्या. "पाच वाट्या आन." पाच आणल्या. तिचा आजा क्लेमेंट ओटीवर जाळं सांधत बसतो, त्याने जाळ्याला लावायची पाच बुचं मागितली. पाच दिली. मग त्याने बदमाशी केली. एक बूच मांडीखाली लपवून म्हणाला, "चारच हायेत गो." तर तिने त्याची मांडी उचलून काढलं.

टीचर, रागावू नका, पण पोरगी घरी पाचच देते. तेव्हा घोळ तुमच्याकडे आहे. क्लेमेंट म्हणतो, ठोकळे पुन्हा मोजून घ्यायला सांग, दुकानदाराने कमी दिले असतील नि पोर भरपाई करत असेल. मी म्हणते, तुमचा चष्मा तपासा. मला नंबर वाढला तेव्हा मी शंभराची नोट समजून लग्नाची पत्रिका गल्ल्यात टाकली होती.

बाकी, योग्य ती व्यवस्था काय लावलीत ते प्रिन्सीने सांगितलं. म्हणते, टीचरने तिच्या आईला फोन केला नि विचारलं, घरात वांगं हाय का?

वांग्याबरोबर थोडी चिंच घाला.

तुमची,
आग्नेस


नायगाव,
१२ ऑगस्ट

आदरणीय आजी,

चिंच घातली. याविषयी शाळेत कुणाला बोलू नये.

तुम्हाला हसू येईल, पण मी मासळीबाजारात कधी गेलेलीच नाही. लहानपणी भांडुपला वडील मासळी आणायचे, आता इथे फोनवरून मागवतो. साफ करून, वजन करून, डबीत भरून येते. त्यामुळे तुमच्या घरचे मला काहीच ठाऊक नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुलाच्या घरची भाषा, घरचे खेळ, घरची कामे वर्गात यायला हवीत. सरला मॅडमनी तसा फलकही लावला आहे, चांगल्या चौकटीत. म्हणून मी वर्गाच्या एका कोपऱ्यात मासळीबाजार मांडला. पुठ्ठ्याचे मासे मी स्वतः कापले, रात्री जागून रंगवले.

प्रिन्सीने एकेक मासा उचलून पाहिला. डॉल्फिन बाजूला काढून म्हणाली, "ह्यो कोन खानार?" सोनेरी मासा पाहून म्हणाली, "ह्यो आजारी हाय." मग उरलेले घेऊन एक गुडघा उभा करून बसली आणि असा पुकारा केला, की शेजारच्या वर्गातली दोन मुले रांग सोडून आमच्याकडे आली.

आता अडचण अशी की सगळा वर्गच सहा देऊ लागला आहे. केयूर नावाचा एक मुलगा आहे, त्याच्या घरी मासळी होत नाही. त्याच्या आईचा, किंजलबेनचा, फोन आला. केयूर जेवताना ताटात थेपल्याचे पाच तुकडे मागतो, "वर एक" म्हणून ओरडतो, आणि सहावा मिळेपर्यंत तोंड उघडत नाही. शिवाय ताट हातात घेऊन "ताजी हाय, ताजी हाय!" असे पुकारत घरभर फिरतो. सरला मॅडमनी मला बोलावून विचारले, की तुम्ही एका मुलीला पाच शिकवणार होतात, सगळ्यांना सहा कसे शिकवलेत?

आजी, हे "वर एक" म्हणजे नेमके काय?

तुमची,
अक्षदा


पाचूबंदर
१४ ऑगस्ट

अक्षदा टीचर,

वर एक म्हणजे काय, असं विचारता? डबीतली मासळी खाणाऱ्याचं कसं होणार!

अहो, गिऱ्हाईकाने पाच बोंबील घेतले, पैसे दिले, पिशवी पुढे केली, की पाच टाकायचे नि वर एक टाकायचा. तो मोजायचा नाही. त्याचा भाव नाही. गिऱ्हाईक जाताना हसलं पाहिजे नि उद्या परत आलं पाहिजे, एवढ्यासाठी तो. माझ्या सासूने मला पहिल्या दिवशी तराजू नाही शिकवला, हे शिकवलं. वर न टाकणाऱ्या बाईला आमच्या बाजारात वाळूसारखी कोरडी म्हणतात. प्रिन्सी रांगायला लागली तेव्हापासून माझ्या टोपलीशी बसते. तिला हे कोणी शिकवलं नाही. बघून बघून आलं.

आता तुम्हीच सांगा, हे चुकीचं कसं?

नारळी पुनवेनंतर नेल्सन समुद्रावर गेलाय. पहिली मासळी चांगली लागली. कळवा.

आग्नेस


पाचूबंदर
२ सप्टेंबर

अक्षदा टीचर,

तुमचं उत्तर नाही. दप्तराचा कप्पा रोज उलटा करून बघते. त्यातून पेन्सिलीची सालं निघतात.

मी समजायचं ते समजले. वाटलं, शाळा चिडली, आता पोरीला वर्षभर मागे ठेवणार. तिच्या सगळ्या मैत्रिणी पुढे जाणार नि ही तिथेच, आणि वर त्या तज्ज्ञाच्या खुर्चीत बसवणार. मला झोप येईना. म्हणून मी माझ्या डोक्याने उपाय केला. प्रिन्सीला समोर बसवून सांगितलं, "आजपासून वर एक बंद. पाच म्हन्जे पाच. सहावा दिला तर चूक." तिने विचारलं, "कोन बोललं?" मी म्हटलं, टीचर बोलली. माफ करा, पण तुमच्या नावाला वजन आहे.

शनिवारी आमचे फादर बाजारात आले. किती वर्षांचं गिऱ्हाईक! पाच बोंबील घेतले, मी वर एक टाकला. तर प्रिन्सी उठली, फादरच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घातला, सहावा बोंबील शेपटीला धरून बाहेर काढला नि माझ्या टोपलीत आपटला. "आजी, चूक!"

सगळा बाजार बघत राहिला. फादर हसले, पण पिशवी लगेच छातीशी धरली. मग दिवसभर तेच. ज्याला मी टाकीन त्याच्या पिशवीतून ती काढणार. एका बाईच्या पिशवीत मांदेली नि कोथिंबीर होती, तिची कोथिंबीरही गेली. संध्याकाळी शेजारच्या टोपलीवाल्या लूर्डसने मला हाक मारून विचारलं, "आग्नेस, धंदा बंद करायचा हाय का तुला?"

टीचर, आता काय करू? वर टाकू तर पोरगी काढते. न टाकू तर गिऱ्हाईक जातं.

आग्नेस


नायगाव,
४ सप्टेंबर

प्रिय आजी,

सगळी चूक माझी. तुमचे पत्र वाचून मला इतका आनंद झाला, की उत्तर लिहायचेच राहिले. मग गणपतीची सुट्टी लागली.

आणि त्या आनंदात मी काय केले, माहीत आहे? दुसऱ्याच दिवशी प्रिन्सीला जवळ घेऊन सांगितले, "तुझं बरोबर आहे. वर एक द्यायचाच." म्हणजे टीचर म्हणते सहा, आणि आजी म्हणते टीचर म्हणते पाच.

आता तिची अवस्था सांगते. काल मी पाच ठोकळे मागितले. तिने पाच मांडले. सहावा मुठीत धरला. माझ्याकडे पाहिले, मग दाराकडे. मग मूठ पाठीमागे घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली. डबा खायच्या सुट्टीतही मूठ उघडली नाही, एका हाताने जेवली. बाजाराच्या कोपऱ्यात आता ती बसत नाही. केयूर एकटाच पुकारा करतो, आणि त्याला कोणी गिऱ्हाईक नाही.

आजी, चाचणी ६ ऑक्टोबरला आहे. या मुलीला मोजता येते. पण अशी भिंतीला टेकून उभी राहिली, तर सरला मॅडम तिला मागे ठेवतील, आणि मी काही बोलू शकणार नाही. मी रविवारी तुमच्या बाजारात येते. तिथे बघितल्याशिवाय मला काही सुचणार नाही.

तुमची,
अक्षदा


पाचूबंदर
८ सप्टेंबर

अक्षदा,

काल तू माझ्या चटईवर बसून चहा प्यालीस, त्यामुळे आता टीचर म्हणायला जीभ वळत नाही.

तू गेल्यावर क्लेमेंट किती वेळ हसत होता. म्हणतो, चर्चमधली मिस्सा सुटून आलेली सगळी माणसं मासळी सोडून तुम्हा दोघींनाच बघत होती. खरंच काय ते दृश्य! तू पिशवी उघडून उभी, मी पाच टाकलेले, सहावा माझ्या हातात. मी म्हणते, "पाचच घे गो, शाळेत पाचच चालतात." तू म्हणतेस, "नाही आजी, सहा, बाजारात सहाच." तू माझ्या बाजूने भांडतेस, मी तुझ्या. नि पोरगी मधे, मूठ आवळून, माझ्या हाताकडे बघते, तुझ्या पिशवीकडे बघते.

आणि मग तिने विचारलं, "आजी, टीचर गिऱ्हाईक हाय का घरची?"

मी म्हटलं, "घरची." त्याच दमात तू पाकीट काढून म्हणालीस, "गिऱ्हाईक." पोरीने कपाळावर हात मारला. अगदी माझ्यासारखा.

पण तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला, नि तुझ्याही पडला, तुझ्या चेहऱ्यावर दिसला. घरी लसूण मागितली तर पाचच का देते? तर घरच्यांना वर नसतो. आजाने पाच बुचं मागितली तर पाच. गिऱ्हाईकाने मागितले तर पाच नि वर एक. ती कधी चुकलीच नव्हती. तुझ्यापुढे ठोकळे मांडताना तू तिला गिऱ्हाईक वाटायचीस, एवढंच. रोज सकाळी येऊन "दे, दे" करतेस, वाटणारच.

तिला तू जे सांगितलंस ते मला फार आवडलं. "दोन्ही बरोबर आहे. आधी विचारायचं, कोणासाठी." पोरीची मूठ तिथल्या तिथे सुटली. आज बाजारात तिने सगळ्यांना विचारलं. पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला सरकारी. त्याला काय द्यायचं ते ठरेना, म्हणून रिकाम्या हाताने पाठवला.

आता त्या तुझ्या सरला मॅडमना समजावून ठेव.

आग्नेस


नायगाव,
६ ऑक्टोबर

प्रिय आजी,

मॅडमना समजवायला गेले होते. त्या म्हणाल्या, "अक्षदा, चाचणीत सगळ्या मुलांना एकच प्रश्न असतो. वर, खाली, बाजूला काही नाही." मी फलकाकडे बोट दाखवले. त्या म्हणाल्या, "तो फलक आहे."

तेव्हा आज सकाळी मी चाचणीच्या खोलीच्या दारातच उभी राहिले. प्रिन्सी आत गेली, खुर्चीवर न बसता खाली बसली, एक गुडघा उभा. मॅडमनी ठोकळ्यांची टोपली सरकवली. "प्रिन्सी, मला पाच ठोकळे दे."

प्रिन्सीने टोपलीला हात लावला नाही. तिने विचारले, "तू गिऱ्हाईक हाय का घरची?"

मॅडम म्हणाल्या, "मी मुख्याध्यापिका आहे."

मला वाटले, संपले. हिने हे कधी ऐकलेलेच नाही. प्रिन्सीने बराच विचार केला. मग पाच ठोकळे मोजून मॅडमपुढे एका ओळीत मांडले. मोठ्याने मोजले. मग सहावा उचलला, पण ठेवला नाही. हातात धरून विचारले, "परत येनार का?"

मॅडमनी माझ्याकडे बघितले. मी छताकडे. शेवटी त्या म्हणाल्या, "येईन की."

मग प्रिन्सीने सहावा वर ठेवला. आणि हसली.

मॅडमनी पेन उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. म्हणाल्या, "पाच मोजून थांबली, हे मी पाहिलं. सहावा तिने विचारून दिला. तो मोजणीत नाही." आणि कागदावर लिहिले: पाचपर्यंत मोजता येते. ज्युनियरसाठी योग्य.

केयूरलाही पास केले. त्याच्या आईने तक्रार मागे घेतली आहे. दोन घासांवर उठणारा मुलगा आता वरच्या तुकड्यासकट जेवतो, तेव्हा बाजार बंद करू नका, असा त्यांचा निरोप आहे. फक्त डॉल्फिन काढून टाकावा, केयूरला तो कोण खाणार याची काळजी लागते.

आता तरी जीनाताईंना सांगा.

तुमची,
अक्षदा


पाचूबंदर
१३ ऑक्टोबर

अक्षदा बाय,

तुझं पत्र मी क्लेमेंटला वाचून दाखवलं. त्याने जाळं खाली ठेवून ऐकलं, नि तो जाळं जेवतानाही खाली ठेवत नाही.

मग जीनाला समोर बसवून सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती भाजी निवडत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "मम्मी, पोरीचं दप्तर रोज कोन भरतं?" मी चष्मा पुसायला घेतला. "मीच ना? मग पुढच्या कप्प्यात काय हाय ते मला दिसनार नाय?" सगळी पत्रं वाचलेली हिने, जाताना माझी, येताना तुझी! म्हणते, पहिलं वाचून रात्रभर रडले, दुसरं वाचून हसले, मग वाटलं, तुम्ही दोघी एवढ्या जोरात लपवताय तर लपवू द्यावं. नि सुक्या बोंबलाच्या दिवशी दुसऱ्या कागदात गुंडाळलं असतं तर वास गेला नसता, हेही सुनावलं.

आता खरी बातमी. काल रविवारी तुझ्या सरला मॅडम बाजारात आल्या. मी ओळखलं नाही. इस्त्रीची साडी, हातात कापडी पिशवी, चिखलातून पाय उचलून उचलून येत होत्या. प्रिन्सीने लांबूनच ओळखलं. "आजी, ती आली! परत आली!"

मी स्टूल पुढे केलं. बसल्या. म्हणाल्या, "मी शब्द दिला होता." मग प्रिन्सीकडे वळून म्हणाल्या, "पाच बोंबील दे." चांगले मोठे, पहाटेच्या बोटीचे होते. पोरीने एकेक निवडून, मोजून पिशवीत टाकले. एक, दोन, तीन, चार, पाच. नि फडक्याला हात पुसून बसली.

मॅडम पिशवी उघडीच धरून बसलेल्या. पोरगी टोपलीवरच्या माश्या हाकलतेय. मॅडमनी पिशवी जराशी हलवली. काही नाही. शेवटी हळूच विचारलं, "प्रिन्सी, आणि वर?"

"तुला नाय," प्रिन्सी म्हणाली. "तू आली ना परत, बसली आमच्यात. तू आता घरची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळ्यात मोठा बोंबील उचलला, तर पोरीने माझं मनगट धरलं. लूर्डस तिकडून बघतेय, हसू दाबून. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, पिशवीचं तोंड मिटलं नि म्हणाल्या, "बरोबर आहे. पाचच."

चांगली बाई आहे. पण खोटं कशाला सांगू, रस्त्याला लागेपर्यंत दोनदा वळून टोपलीकडे बघितलंन.

तुझी,
आग्नेस आजी